निर्माल्याची पिशवी

१४ सप्टेंबर, रविवार

आमचे संपादक सुमित माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत, त्यामुळे मला 'सर' म्हणतात आणि कामं सांगतात. परवा फोनवर म्हणाले, "सर, खड्डे पुरे झाले. आता जरा वर बघा. कल्याणच्या पलीकडे ग्लायडर उडवतात म्हणे. रविवार पुरवणीला छान जाईल."

कल्याण-डोंबिवलीचा वार्ताहर म्हणून मी कित्येक वर्षं खाली बघून चालतो. त्यात व्यवसाय थोडा आणि पाय वाचवणं जास्त. ठाण्यात बसून 'वर बघा' म्हणणं सोपं असतं.

तरीही गेलो. ठाकुर्लीहून रिक्षा, मग टमटम, मग पाय. माळरान काळुराम यांचं आहे. माणूस इथलाच, बापजाद्यांची भातशेती. आजूबाजूच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, हा एक पट्टा मात्र त्यांनी विकला नाही. कारण विचारलं तर विमानाला 'इमान' म्हणत सांगितलं, "मना इमान बघायला आवडतं. टावर काय, हलत पन नाय."

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. जमिनीवरचं यंत्र त्याला लांब तारेने ओढतं, ते पतंगासारखं वर चढतं, मग तार सुटते आणि त्यानंतर जितका वेळ खाली येणं टळेल तितकं टाळायचं. हे ऐकून मला माझ्या नोकरीची आठवण झाली.

पावसाळ्यात ते सुटं करून शेडमध्ये ठेवतात. पंख वेगळे, शेपूट वेगळी. दसऱ्याला पुन्हा जोडून हंगाम सुरू. क्लबातल्या दोघांशी ओळख झाली. नयन डोंबिवलीत एका बँकेत आहे, वय चाळिशीच्या आत, जोडणीचं काम त्याच्याकडे. आणि उत्तराबाई, ठाण्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी उडतात. मी संस्कृतचा एम. ए. आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे शास्त्रीबुवा! आमच्याकडे वरच्याशी बोलणारं कोणी नव्हतंच." तेव्हापासून सगळे मला शास्त्री म्हणू लागले. नयन तर शास्त्रीकाका. 'काका' अनावश्यक होतं.

शेपटीचा एक भाग दुरुस्तीनंतर तात्पुरता बसवलेला होता. उत्तराबाई कॉकपिटमध्ये बसल्या आणि मला मागे उभं केलं. शेपटीला एक आडवी फळी असते, ती खालीवर झाली की नाक खालीवर होतं.

"ती फळी दोन्ही हातांनी धरा, शास्त्रीबुवा. घट्ट. मी इथून दांडा ढकलते, तुम्ही हलू द्यायची नाही. हाताला जोर लागला तर आतलं सगळं नीट जोडलंय."

"आणि नुसती हलताना दिसली तर?"

"नुसती हलणं काय, वाऱ्यानेही हलते. धरून बघायचं, हा आमचा नियम. लोक विमानातून पडतात ते वादळाने कमी, आणि जोडायचं राहून गेल्याने जास्त."

मी धरली. हाताला जोर लागला. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मला काहीतरी घट्ट धरायला सांगितलं.

२१ सप्टेंबर, रविवार

लेखासाठी लागणारी सगळी माहिती गेल्या रविवारीच मिळाली होती. तरी आज परत गेलो. माहिती पडताळून घेणं हे चांगल्या वार्ताहराचं लक्षण आहे.

पितृपक्षाचा शेवटचा दिवस, त्यामुळे काळुराम जोडणीला हात लावू देईनात. "पितरांचे पंधरवड्यात इमान वर धाडला त पितरं बोलतील, यांना आमचेकडं यायची लय घाई झालीय."

नयन शेडमध्ये छोटे-छोटे भाग मोजून त्यांना तेल देत बसला होता. मी त्याच्याजवळ स्टूल ओढून बसलो. विमान या शब्दाचा मूळ अर्थ मोजमाप असा आहे, इथपासून मी सुरुवात केली. तो 'हं, हं' करत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, हे मोजताना बोलू नका ना. परत पहिल्यापासून करावं लागतं." मुलगा गुणी आहे, पण एकाग्रता कमी पडते.

संध्याकाळी बायकोचा, मैथिलीचा फोन. ती पुण्याला लेकीकडे, प्राचीकडे गेली आहे. प्राचीचं बाळंतपण होतं म्हणून तात्पुरती गेली होती. नात आता शाळेत जाते. मी ग्लायडरचं सांगितलं, नयनचंही. ती हसली. "त्या बिचाऱ्याला काम करू द्या हो. मी दूध तापवत असले की तुम्ही नेमके ओट्यापाशी यायचात." मी म्हटलं, दूध उतू जाणं हे दुधाचं वैगुण्य आहे. ती म्हणाली, "बरं. ठेवते."

२८ सप्टेंबर, रविवार

आज एक अनपेक्षित नियुक्ती झाली. दसऱ्याला ग्लायडरची पूजा असते. हत्यारांची आणि वाहनांची असते तशीच. नेहमीच्या भटजींना त्या दिवशी इतक्या रिक्षा आणि टेम्पो आहेत की ते विमानापर्यंत पोचणार नाहीत. काळुराम माझ्याकडे बघून म्हणाले, "आनि ह्यो काय बसलाय? आपला शास्त्री!"

मी सांगून पाहिलं की पदवी वेगळी आणि पौरोहित्य वेगळं. काळुरामच्या पत्नी लक्ष्मीताई म्हणाल्या, "तुमी काय पन बोला, आमाला कुठं कळतंय." इतका प्रामाणिक श्रोतृवर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता. हो म्हटलं.

उत्तराबाईंनी तेवढ्यात टोमणा मारलाच. "शास्त्रीबुवा, पूजा आटोपशीर हं. पहिलं उड्डाण माझं आहे. सीमोल्लंघन दिवसाउजेडी झालेलं बरं."

१ ऑक्टोबर, बुधवार

कपाटातून सोवळं काढलं. कसर लागली आहे, पण मागच्या बाजूला. मंत्र म्हणून पाहिले. आवाज अजून चांगला आहे. ऐकायला कोणी नसल्याने घरालाच ऐकवला. घराने तक्रार केली नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

उत्तराबाई जिवंत आहेत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

काल सकाळी पोचलो तेव्हा पंख लागले होते. नयन शिडीवर चढून शेपटीशी काम करत होता. माळावर मंडप, लक्ष्मीताईंनी मोठं ताट मांडलेलं, झेंडूची पोती. काळुरामच्या भाऊबंदांसकट चाळीसेक माणसं. मला सोवळ्यात बघितल्यावर टाळ्यासुद्धा पडल्या.

विजय मुहूर्त जवळ आला होता. मी नयनला हाक मारली, तू यजमान, ये. तो वरूनच हाताने थांबा म्हणाला. तोंडाने बोलता येत नव्हतं, कारण ओठांत काहीतरी तारेचं धरलेलं होतं, बायका अंबाडा घालताना आकडा धरतात तसं. मग कसंबसं म्हणाला, "दोन मिनिटं, काका." मी म्हटलं, "नयनराव, मुहूर्त बँकेच्या वेळेवर चालत नाही." सगळे हसले. काळुराम ओरडले, "उतर रं खाली! देवाला थांबवतोस?" तो उतरला.

पाटावर बसवलं. आचमनाला पाणी दिलं तर ओठांत ते तसंच. मी म्हटलं, "तोंडात वस्तू ठेवून आचमन होत नाही. तसं केलंत तर केशवाच्या आधी तुमचाच घसा धरला जाईल." पुन्हा हशा. त्याने ते काढलं आणि समोर ताटात पाने-पक्कड मांडली होती त्यांत ठेवलं. मग संकल्प, गणपती, मग यंत्रपूजा. ऐकणारे तन्मय होते, म्हणून मी दोन स्तोत्रं जास्तीची घेतली. खरं तर तीन. इतकी माणसं माझं इतका वेळ ऐकत आहेत, असं शेवटचं कधी झालं ते आठवत नाही.

पूजा झाल्यावर लक्ष्मीताईंनी शेपटीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि झेंडूची जाड माळ गुंडाळली. नयन पक्कड घ्यायला ताटाकडे वळला तर काळुरामनी त्याचा हात धरला. "खुळा झालास? पूजलेल्या हत्याराला आज हात नाय लावायचा. आज त्यांची सुट्टी." माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर ना शास्त्री?" मी शास्त्राधार दिला. बरोबरच आहे ते, आमच्याकडेही दसऱ्याला वह्या-पुस्तकं उघडत नाहीत.

नयनने शेपटीकडे एकदा पाहिलं. कोणीतरी त्याला पेढा भरवला. उत्तराबाई कॉकपिटमध्ये बसल्या होत्या, त्यांनी दांडा पुढेमागे केला. मागची फळी खालीवर झाली. माळेसकट, नमस्कार केल्यासारखी. लक्ष्मीताई म्हणाल्या, "बगा, कशी पाया परते." मग कोणी धरून पाहिली नाही. ओलं कुंकू पुसलं गेलं असतं.

तार ताणली, ग्लायडर धावलं, उचललं गेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुमजली घराइतकं उंच गेलं असेल. मग नाक एकदम आभाळाकडे उभं राहिलं. उत्तराबाईंनी तार सोडली असावी, कारण ती सापासारखी खाली आली. क्षणभर ते तसंच टांगल्यासारखं राहिलं. मग नाकावर आलं.

आवाज मोठा झाला नाही. टेम्पोतून पोती टाकतात तेवढाच.

आम्ही धावलो. मला सोवळ्यात धावता येत नव्हतं. उत्तराबाई शुद्धीवर होत्या. "दांडा ओढत होते. मागे काहीच नव्हतं," एवढंच त्या परत परत म्हणत होत्या. नयन त्यांचा हात धरून बसला होता आणि शेपटीकडे बघत होता.

रुग्णवाहिका गेल्यावर मंडपात मी आणि लक्ष्मीताई, दोघंच उरलो. त्यांनी ताट तसंच एका पिशवीत रिकामं केलं, फुलं, सुपाऱ्या, अक्षता, हत्यारं तेवढी बाजूला काढून. पिशवी माझ्या हातात दिली. "निर्माल्य तुमीच सोडा शास्त्री. तुमचे हातची पूजा." घेऊन आलो. गॅलरीच्या जाळीला टांगली आहे. खाडीवर जायचं त्राण नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

ठाण्याच्या रुग्णालयात गेलो. पाठीचा मणका मोडला आहे. पायाची बोटं हलतात, डॉक्टर त्यावर खूश आहेत. चालतील, म्हणाले. उडण्याचं त्यांना कोणी विचारलं नाही.

उत्तराबाईंना उताणं झोपवलं आहे, त्यामुळे त्या छताशी बोलल्यासारख्या बोलतात. "चूक माझी आहे, शास्त्रीबुवा. 'धरून बघितलं का' हे आत बसणाऱ्याने विचारायचं असतं. मी विचारलं नाही. एवढी माणसं, एवढी फुलं. वाटलं, झालंच असेल."

मी त्यांना धीर दिला. बराच वेळ दिला. शेवटी नर्सने मला उठवलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

क्लबाच्या लोकांनी मोडतोड तपासली. शेपटीच्या आत एक सांधा असतो, दांड्याकडून येणारी सळई तिथे फळीला जोडली जाते. तो सांधा नुसता बसवला तरी बसतो आणि हलवला तर फळीही हलते. पण जोर आला की निसटतो. तो निसटू नये म्हणून त्यात बोटभर लांबीची आकड्याच्या आकाराची पिन घालतात. ती पिन नव्हती. मोडतोडीत नाही, गवतात नाही, शिडीखाली नाही. चाळण लावून माती पाहिली.

नयन म्हणतो, घातली होती. मी कधी विसरत नाही, म्हणतो. घातलेली पिन अशी हवेत विरत नाही, असं बाकीच्यांचं म्हणणं. पोलिसांनी जबाब घेतला आहे. क्लबाने चौकशी होईपर्यंत त्याला येऊ नको म्हणून सांगितलंय.

सुमितना बातमी हवी होती. 'जोडणीतील निष्काळजीपणा भोवला.' नाव दिलेलं नाही. 'डोंबिवलीतील एका बँकेत काम करणाऱ्या सदस्याकडे जोडणीची जबाबदारी होती,' एवढंच. जेवढं सत्य आहे तेवढंच लिहिलं. सुमित म्हणाले, "सर, मस्त. थेट नेम."

१२ ऑक्टोबर, रविवार

काळुरामच्या ओटीवर चौकशीची बैठक. मी साक्षीदार आणि वार्ताहर असा दुहेरी बसलो होतो.

नयन वाळला आहे. बँकेत लोक त्याच्या टेबलावरच्या पिना मोजतात म्हणे. विनोद म्हणून. त्याला पुन्हा विचारलं, पिन कुठे होती?

"तोंडात होती," तो म्हणाला. "मी नेहमी तोंडात धरतो, हात मोकळे राहतात. तोंडात होती. आणि मग नव्हती. मधलं मला आठवत नाही. घातल्याशिवाय मी तोंडातून काढणार नाही, म्हणजे घातली असणार."

"म्हंजे गिळलीस काय?" कोणीतरी म्हणालं. काळुरामनीच त्याला गप्प केलं.

मग मला विचारलं, शास्त्री, तुम्ही पूर्ण वेळ तिथे होतात, तुम्ही काय पाहिलंत? मी म्हटलं, मी पूजेत होतो, माझं लक्ष देवाकडे होतं. नयनने माझ्याकडे पाहिलं. आठवायचा प्रयत्न करत असलेल्या माणसाची नजर होती ती. मी चहा घ्यायला उठलो.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. भाजी खारट झाली असावी. मीच केली होती.

गॅलरीतल्या पिशवीला वास यायला लागला आहे. उद्या सोडून येतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पिशवी राहिली. पाय दुखतो.

आज रस्त्यात नयनची पत्नी अक्षदा दिसली. मी हाक मारली. ती थांबली नाही. ऐकू गेलं नसेल, रहदारी फार होती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

मैथिलीचा फोन. दिवाळीला येणं जमणार नाही, नातीला ताप आहे. गेल्या वर्षीही तिला दिवाळीतच ताप होता. नाजूक आहे मुलगी. मैथिलीने विचारलं, घर आवरलंत का? मी म्हटलं, आवरायला घर भरलेलं लागतं. फोन ठेवला जाऊ नये म्हणून मी दसऱ्याची गोष्ट सांगायला घेतली. तिला नुसता अपघात माहीत होता. मी पहिल्यापासून सांगितलं, मुहूर्त, नयनची शिडी, आचमनाचा विनोद. तो मी जरा रंगवूनच सांगितला.

ती हसली नाही.

"अहो, मग त्याने ते तोंडातलं कुठे ठेवलं?"

"ताटात."

"आणि ताटातलं कुठे गेलं?"

"निर्माल्यात. लक्ष्मीताईंनी…"

"आणि ते निर्माल्य?"

मी फोन कानाला धरून गॅलरीकडे बघत उभा राहिलो. दुपारचं ऊन जाळीवर होतं. पिशवीवर माश्या होत्या.

"अहो? आहात ना?"

"आहे," म्हटलं.

तिने तिकडचं दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाही करत. मला माहितेय. समोरचा काहीतरी करत असला की तुम्हाला एकटं वाटतं." मग कुकरची शिट्टी झाली आणि तिने फोन ठेवला.

पेपर पसरून पिशवी त्यावर ओतली. झेंडू काळा पडून लगदा झाला होता. अक्षता, सुपाऱ्या, नारळाची शेंडी. हात घालून चाचपलं. बोटाला टोचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवतो. बहुतेक मला रविवारपासूनच माहीत होतं. कदाचित त्याच्याही आधी. नाहीतर खाडी इथून काही काशी नाही.

हळद लागलेली आहे. गंज नाही. चांगल्या पोलादाची असावी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पिशवी परत भरली. पिनेसकट. खाडीकाठच्या निर्माल्य कलशापर्यंत घेऊन गेलो. झाकण उघडलं. आहे तशी टाकली असती तर ते धर्माला धरूनच झालं असतं. पूजेत वाहिलेली वस्तू विसर्जनालाच जाते, मला तसा आधारही देता आला असता. कोणी विचारलं असतं तर. कोणीच विचारणार नव्हतं, हीच अडचण होती.

पुढचे रविवार डोळ्यांसमोर आले. सांगितलं नाही तर मी त्या माळावर शास्त्री राहीन. काळुराम हाक मारतील, लक्ष्मीताई चहा देतील, कधीतरी उत्तराबाई काठी टेकत येतील आणि मला वरच्याशी बोलणारा म्हणतील. फक्त नयन नसेल. सांगितलं तर नयन असेल.

पिशवीत हात घालून पिन काढून घेतली. बाकीचं सोडलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "देवाचं परत घेऊ नये हो." मी म्हटलं, "आजी, हे देवाचं नव्हतं."

१९ ऑक्टोबर, रविवार

डोंबिवलीला नयनच्या घरी गेलो. अक्षदाने दार उघडलं. दार धरूनच उभी राहिली.

"आता काय राहिलंय छापायचं?"

"नयनला भेटायचं होतं."

"गॅलरीत आहे. कंदील लावतोय." मग बाजूला झाली. या म्हणाली नाही.

नयन स्टुलावर चढला होता. आकाशकंदील एका हातात, दुसऱ्या हाताने वरच्या हुकाला दोरी बांधत होता. दोरीचं एक टोक ओठांत धरलेलं. त्याने मला पाहिलं. बोलता येत नव्हतं, म्हणून भुवया वर केल्या.

मला बोलायचं होतं. घरापासून वाक्य जुळवत आलो होतो, चांगलं होतं, त्यात थोडा विनोदही होता. ते जिभेच्या टोकावर आलं. मी तोंड मिटून उभा राहिलो. खाली कोणीतरी लवंगी फोडत होतं. नयनने दोरी हुकातून ओवली, ओठांतलं टोक घेतलं, गाठ मारली, वर आणखी एक मारली. मग कंदील दोन्ही हातांनी धरून खाली ओढून पाहिला. पुन्हा एकदा ओढून पाहिला. मग उतरला.

"बोला काका."

मी मूठ उघडली.

त्याने वाकून पाहिलं. हात लावला नाही. "हळद लागलीय हिला," म्हणाला.

"ताटात होती. आचमनाला मी तुला ती तोंडातून काढायला लावली. तू दोन मिनिटं मागितली होतीस, तीही मी दिली नाहीत."

"आचमन," तो म्हणाला. आणि मग पुन्हा, "आचमन. पाणी कोमट होतं." हरवलेला तुकडा सापडला तसा तो खाली स्टुलावर बसला. "मी रोज आठवतोय काका. आंघोळ करताना, बँकेत, जेवताना. मला वाटलं, मला वेड लागलंय."

अक्षदा आतून आली होती. तिने माझ्या तळहातावरची पिन पाहिली, मग मला. "तुम्ही त्या बैठकीत होतात," ती म्हणाली. "बोलायला तुम्हाला कधी सांगावं लागत नाही. नेमकं त्या दिवशी लागलं?"

मी मूठ पुन्हा मिटली.

"आता इथून उत्तराबाईंकडे जातो," मी म्हटलं. "उद्या पोलिसांकडे. आणि पेपरात माझ्या नावाने येईल. सुमितशी सकाळी बोललो. ते म्हणाले, सर, दिवाळीत कशाला. म्हटलं, छापा."

"काळुरामशेठ तुम्हाला परत उभं करणार नाहीत," नयन म्हणाला. त्यात राग नव्हता. पिन किती लांब आहे हे सांगावं तसं त्याने सांगितलं.

"हो."

त्याने डोळे पुसले. "मीही खाली उतरायला नको होतं, काका. उतरायचं नसतं. अर्धं टाकून कधीच उतरायचं नसतं." मग जरा थांबून, "उत्तरा मॅडमना सांगताना मधे थांबू नका. एका दमात सांगा. आणि झालं की निघा. त्यांना विचार करायला वेळ द्या."

मी मान हलवली. फराळाचं ताट समोरच्या टेबलावर झाकलेलं होतं, ते कोणी उघडलं नाही. जिन्याने खाली आलो. रस्त्यावरून वर पाहिलं. कंदील वाऱ्याने गोल फिरत होता. गाठ धरून होती.

ठाण्याची बस भरलेली होती. उभं राहायला जागा मिळाली. शेजारचा माणूस गप्पांच्या मूडमध्ये होता. कुठे राहता, काय करता, दिवाळीला घरी कोण कोण असतं. मी त्याच्याकडे बघून हसलो फक्त. एका हाताने वरचा दांडा धरला होता, दुसऱ्या मुठीत पिन होती. उत्तराबाईंनी शिकवलं तशी धरली होती, घट्ट.